हनुवटीवरचा सराव

रेकॉर्डर म्हणजे टेपरेकॉर्डर नव्हे, हे मला आजवर इतक्या लोकांना सांगावं लागलंय की आता मी सरळ "मुलांची प्लास्टिकची बासरी" म्हणून मोकळी होते. बासरीसारखी आडवी नाही, उभी धरायची. टोक ओठांत, पुढे सात भोकं, मागे अंगठ्यासाठी एक. जयपूरला दुर्गापुऱ्याकडच्या एका शाळेत मी तिसरी-चौथीच्या मुलांना ती शिकवते. शिकवते म्हणजे काय, त्यांच्या तोंडातून ती ओढून काढते. हातात पडल्या पडल्या प्रत्येक पोर जीव खाऊन फुंकतं. तीस-बत्तीस पोरं एकदम फुंकतात तेव्हा जो आवाज निघतो, तो ऐकून शेजारच्या गणिताच्या मॅडम दार लावून घेतात. मी त्यांना दोष देत नाही. मलाही दार लावून घेता आलं असतं तर लावलं असतं.

मग मी सांगते, गरम दूध फुंकतो तसं फुंका. मलई हलेल, पण सांडणार नाही, इतकंच. डावा हात वर, उजवा खाली. निम्मी मुलं उलटं धरतात. बोटाच्या टोकाने नाही, बोटाच्या मऊ भागाने भोक झाका; जरा फट राहिली की किंकाळी फुटते. आणि लाळ गळतेच, तिला हसायचं नाही. "मैम, इसमें से पानी निकल रहा है," असं एक तरी पोर दर वर्षी घाबरून सांगतं, जणू काही नळ फुटलाय.

या गोंधळावर आम्हा शिकवणाऱ्यांचा एक जुना उपाय आहे. मुलांना वाजवूच द्यायचं नाही. रेकॉर्डरचं टोक ओठांतून काढून हनुवटीवर टेकवायचं, तोंडाने सूर म्हणायचे आणि बोटं फिरवायची. "ठुड्डी पर!" असं मी ओरडले की सगळा वर्ग एका क्षणात शांत होतो. फक्त बोटं प्लास्टिकवर टपटप पडत राहतात. बोटांना वाट कळली की मग ओठांत घ्यायचं. हा हनुवटीवरचा सराव दोन-चार मिनिटांचा असतो. माझ्या लेकीने तो दोन वर्षं केला.

माझा नवरा लोको पायलट होता, म्हणजे रेल्वेचा ड्रायव्हर. आम्ही दोघं अकोल्याचे. भरतीचा फॉर्म जिथला लागला तिथे माणूस जातो, तसा तो राजस्थानात आला आणि लग्न झाल्यावर मी त्याच्यामागे जयपूरच्या रेल्वे कॉलनीत आले. मी आले होते आवाजाच्या घरातून. माझे वडील लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरोनेट वाजवायचे. जयंतीच्या मिरवणुकीत तर ते गालफडं फुगवून असे वाजवायचे की दुसऱ्या दिवशी त्यांना भाकरी चावता यायची नाही. घरात कोणी तरी सतत काही तरी फुंकत, बडवत नाहीतर घासत असायचं. आम्ही एका खोलीतून दुसऱ्या खोलीत ओरडूनच बोलायचो. त्याला भांडण म्हणत नव्हते.

इथे आले तर दारावरची घंटी काढून टाकलेली. दोन वायरी भिंतीतून लोंबत होत्या आणि खाली हिंदीत पाटी होती, की ड्यूटीवरून आलेला माणूस झोपला आहे, दार वाजवू नका. आतल्या खोलीच्या खिडकीला काळा कागद. कॉलनीत निम्म्या घरांत असंच. हे लोक रात्रभर गाडी चालवतात आणि दिवसा झोपतात, कधी सकाळी, कधी दुपारी, कधी संध्याकाळी दिवे लागायच्या वेळेला. त्यांच्या झोपेला घड्याळ नसतं.

सुरुवातीला मला त्याचं हसू यायचं. एवढा मोठा पुरुष आणि तान्ह्या बाळासारखा जपायचा. मग एकदा कॉलनीत कुणाकडे जागरण होतं, दिवसभर लाउडस्पीकर चालला होता, आणि तो न झोपताच संध्याकाळी गाडीवर गेला. दुसऱ्या दिवशी परत आला तेव्हा बूट न काढता पलंगावर बसून राहिला. मी चहा दिला, तो हातात नुसता धरून बसला. नंतर म्हणाला, की पहाटे कधीतरी त्याचे डोळे उघडेच होते, पण त्याला काही दिसत नव्हतं. किती वेळ, ते त्याला ठाऊक नाही. भानावर आला तेव्हा गाडी धावत होती आणि एक अख्खं स्टेशन मागे गेलेलं होतं, ते त्याला आठवत नव्हतं. सिग्नल हिरवा होता म्हणून निभावलं. सोबतचा असिस्टंट जागा होता, पण त्यालाही कळलं नाही. "मांगं हजारेक मानसं झोपेल होती," तो म्हणाला, आणि भरलेला कप तसाच मला परत दिला.

दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. त्या दिवसापासून मी घर असं काही गप्प केलं की पाल चुकचुकली तरी मला राग यायचा. कुकर माळ्यावर गेला. डाळ मी पातेल्यात शिजवायला लागले. स्टीलच्या दोन ताटांमध्ये फडकं घालून ठेवायचे. मोबाईल रजईच्या घडीत. सकाळची बुद्धवंदना ओठांतल्या ओठांत. कॉलनीच्या भिंतीवर मोर येऊन ओरडायचे, त्यांना मी गच्चीवरून चप्पल दाखवायचे. उन्हाळ्यात जरा बरं असायचं, कूलरची घरघर बाकीचे आवाज गिळून टाकायची. थंडीत मात्र शेजारणीने वाटण वाटलं तरी माझा जीव वरखाली व्हायचा. मला कोणी म्हणेल, तू अतिच केलंस. म्हणू दे. ज्याला नवऱ्याच्या हातातला तो कप दिसला नाही त्याने मला शिकवू नये.

लेक या घरात जन्मली. तान्ही असताना रडायला लागली की मी तिला उचलून बाहेर कडुनिंबाखाली नेऊन उभी राहायचे, ऊन असो की लूचा गरम वारा असो. खेळणी गादीवर खेळायची, फरशीवर नाही. दोन वर्षांची असताना तिच्या हातून वाटी पडली तर ती स्वतःच तोंडावर बोट ठेवून वाटीला दटावायची. पाहुणे हसायचे, किती गुणी पोर म्हणायचे. मीही हसायचे. तिला बापाचं फार वेड होतं. तो झोपलेला असताना ती दाराच्या फटीतून त्याला बघत बसायची. जागा झाला की त्याच्या पोटावर चढून, अगदी कानाशी तोंड नेऊन, सगळ्या गोष्टी सांगायची. त्याला वाटायचं, लाडाने कानात बोलते. ती तसंच बोलायची, सगळ्यांशी.

तिसरीत ती माझ्याच वर्गात आली. रेकॉर्डर तिने पहिल्यांदा धरला तेव्हाच मला कळलं की हिची बोटं आजोबांची आहेत. लांब, शांत, भोकावर पडली की हलणार नाहीत. वर्गात "ठुड्डी पर" चालायचं तेव्हा इतर मुलं तिच्या बोटांकडे बघून आपली फिरवायची. मला अभिमान वाटायचा, आणि मी तो लपवायचे, कारण बाईची पोरगी म्हटल्यावर बाकीच्या आया टपूनच बसलेल्या असतात.

घरी सराव करायला तिने विचारलं तेव्हा बाप झोपलेला होता. मी म्हटलं, हनुवटीवर कर. ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसली आणि करू लागली. मी कणीक मळता मळता बघत होते. एकही चूक नाही. दुसऱ्या दिवशी तसंच, तिसऱ्या दिवशी तसंच. तो जागा असेल तेव्हा ती वाजवत नसे, कारण तेव्हा तिला त्याच्या पोटावर बसायचं असे. आणि तो जागा असेल तरी पुढच्या झोपेची तयारी चाललेलीच असायची. म्हणजे वाजवायची वेळ या घरात नव्हतीच. मला हे फार खटकलं नाही. शाळेत वाजवतेच आहे की, असं मी धरून चालले.

वर्गात गोंगाट इतका, की कोण काय वाजवतंय हे ऐकायला मी एकेका मुलाच्या तोंडाशी कान नेते. तिच्याशी नेत नव्हते, तिची बोटं बरोबर पडत होती ना. एका मुलीने मला सांगितलं. चुगलीच केली म्हणा ना. "मैम, ये तो बजाती ही नहीं है." मी त्या मुलीला गप्प बसवलं आणि पुढच्या फेरीत लेकीजवळ वाकले. रेकॉर्डर ओठांत होता, बोटं चालू होती, गाल हलत नव्हते. आवाज नव्हता. तिला वाटलं मी शाबासकी द्यायला वाकले आहे, म्हणून ती डोळ्यांनी हसली.

घरी येताना मी तिला विचारलं. ती म्हणाली, "फुंकलं की जोरात येतो." मी म्हटलं, मग हळू फुंक. "हळू पण येतो, मम्मी." यावर तुम्हीच सांगा काय बोलायचं. सगळ्या जयपूरच्या पोरांना मी फुंकायला शिकवते आणि दिव्याखाली हा अंधार.

मी प्रयत्न केले नाहीत असं नाही. तिला शाळा सुटल्यावर रिकाम्या वर्गात बसवलं. कॉलनीमागच्या मोकळ्या मैदानात नेलं, जिथे मालगाड्या जातात आणि कोणी नगारा वाजवला तरी कळत नाही. तिथे तिने एकदा फुंकलं. सूर आला, चांगला गोल सूर आला, आणि ती मान वळवून घराच्या दिशेने बघायला लागली. घर तिथून दिसतसुद्धा नव्हतं. पुन्हा फुंक म्हटलं तर डोळ्यांत पाणी. रागावले, तर अजूनच गप्प. शेवटी मी नाद सोडला. वाटलं, मोठी होईल, सुटेल आपोआप.

त्या वर्षीच्या गॅदरिंगला मी मुलांसाठी पाच सुरांची एक छोटी धून बसवली होती. प, ध, नी, वरचा सा आणि वरचा रे, एवढीच. डाव्या हाताने वाजते, लहान बोटांना झेपते. नवऱ्याने सुट्टी मागून ठेवली होती, ती ऐन वेळी नाकारली गेली. त्याच्याकडे हे नेहमीचं होतं. तो म्हणाला, व्हिडिओ काढून ठेव. मी लेकीला पहिल्या ओळीत मधोमध उभी केली, कारण ती तिथे असली की इतरांची बोटं चुकत नाहीत. धून छान झाली. खरंच छान झाली, तिसरीच्या मानाने. कुणीतरी पालकाने मोबाईलवर काढलेला व्हिडिओ मला पाठवला. त्यात कॅमेरा सगळा वेळ तिच्यावर. बोटं दिसतात, डोळे दिसतात, आणि मागून तीस रेकॉर्डरांचा आवाज येतो. कोणीही म्हणेल, ही पोरगी वाजवतेय.

नवऱ्याने तो व्हिडिओ किती वेळा बघितला असेल ते मोजता येणार नाही. दूरच्या स्टेशनवर ड्रायव्हरांना झोपायला जी खोली असते, तिथे त्याने तो सगळ्यांना दाखवला. अकोल्याला पाठवला. लॉबीत, म्हणजे ड्रायव्हर जिथे हजेरी लावतात त्या ऑफिसात, तिथल्या बाबूने एकदा मला भाजीच्या गाडीशी गाठून सांगितलं, की आपकी बिटिया तो कलाकार है जी. मी हो म्हटलं. नवऱ्यालाही मी काही बोलले नाही. काय बोलायचं होतं? गाडीवर बारा-बारा तास बसणाऱ्या माणसाच्या कानात जर लेकीचा सूर वाजतोय, तर तो तिचा नाही हे सांगून कुणाचं भलं होणार होतं? मी मूग गिळून बसले. लेकही काही बोलली नाही. तो दाखवायचा तेव्हा ती खाली बघायची, आणि त्याला ती लाजते असं वाटायचं.

चौथीत रेकॉर्डर संपतो. पाचवीपासून मुलांना कीबोर्ड नाहीतर काहीच नाही. तिचा रेकॉर्डर कपाटात गेला. ती मोठी झाली, उंच झाली, दारं न वाजवता लावायची, पायऱ्या न वाजवता उतरायची. शाळेत तिच्या बाई म्हणायच्या, हुशार आहे, पण बोलत नाही. आठवीत तिला गोपालपुऱ्याला कोचिंग लावलं, सगळेच लावतात तसं. संध्याकाळी रिक्षातून उतरायची आणि पाठीवर केवढं तरी दप्तर घेऊन मांजरासारखी आत शिरायची. आली हे मला चपला बघून कळायचं.

मग नवऱ्याच्या डोळ्यांत काही तरी निघालं. ड्रायव्हरांची ठरावीक वर्षांनी तपासणी होते, त्यात तो उतरला नाही. पुन्हा केली, पुन्हा नाही. चष्म्याने सुधारण्यासारखं नव्हतं. त्याला गाडीवरून काढून त्याच लॉबीत टेबलाशी बसवलं. दुसऱ्या ड्रायव्हरांना ड्यूट्या सांगायच्या, सकाळी जायचं, संध्याकाळी यायचं. कोणी म्हणेल, बरंच झालं, आता माणसासारखं जगेल. मलाही तसं वाटलं होतं. पण तो पहिले काही महिने नुसता खुर्चीत बसून राहायचा, कोणी तरी त्याला प्लॅटफॉर्मवर उतरवून गाडी पुढे नेल्यासारखा. दूरवर इंजिनाचा भोंगा झाला की त्याला कुठलं इंजिन ते कळायचं, आणि तो तोंड फिरवायचा.

आणि त्याला पहिल्यांदा आमचं घर ऐकू आलं. म्हणजे काहीच ऐकू आलं नाही. इतकी वर्षं तो या घरात बहुतेक झोपलेला होता, नाहीतर निघायच्या घाईत होता. आता तो दिवाणखान्यात बसायचा आणि आजूबाजूला दोन बायका वावरताहेत हे त्याला वळून बघावं लागायचं. त्याने आधी खिडकीचा काळा कागद खरवडून काढला. मग बाजारातून घंटी आणली, चिमणीच्या आवाजाची. पहिल्या दिवशी ती वाजली तेव्हा माझ्या हातातून परात पडली आणि लेक आतल्या खोलीत उभीच राहिली. टीव्ही तो मोठ्याने लावायला लागला. आम्ही दोघी तो बाथरूमला गेला की बारीक करायचो. मुद्दाम नाही, हात जायचा.

एकदा जेवताना तो म्हणाला, "मले एक सांग, माह्या घरात कोनी बोलत काऊन नाही? मयतीवानी जेवता तुम्ही."

मी म्हटलं, सवय. त्याने ताट सरकवलं, आणि ते फरशीवर घासून जो आवाज झाला त्याने लेकीने खांदे आक्रसले. ते त्याने पाहिलं.

त्यानंतरच्या रविवारी दुपारी त्याने कपाटं उपसली. रेकॉर्डर सापडला. पिवळट पडलेला, कापडी पिशवीत. तो बाहेर घेऊन आला, हापशाखाली धुतला, बनियनला पुसला. लेक कोचिंगचं काही तरी लिहीत होती. तिच्यासमोर ठेवला आणि म्हणाला, "ते वाजव नं एकदा. शाळंतलं. आता मी कुठी झोपलो?"

ती म्हणाली, आता येत नाही, विसरले. तो म्हणाला, हाताले आठवते, घेऊन तर बघ. तो हट्टाने नव्हता म्हणत. पाव्हण्यासारखा समोर खुर्ची घेऊन बसला होता, हात मांडीवर. मी स्वयंपाकघराच्या दारात. मला आत निघून जावंसं वाटत होतं आणि पाय निघत नव्हता.

तिने रेकॉर्डर उचलला. ओठांत घेतला. बोटं बरोबर जागी पडली. आणि तिने फुंकलं. आधी नुसती हवा, मग एक चिरकी शिट्टी, मग पुन्हा हवा. तिसरीतल्या पोराचं पहिल्या दिवशी असतं तसं. तिने पुन्हा फुंकलं, आणि तिला दमच पुरेना. मान लाल झाली. तो खुर्चीत पुढे सरकला आणि समजावणीने म्हणाला, असं नाही, तू किती सुंदर वाजवलं होतं, थांब. आणि खिशातून फोन काढून त्याने तो व्हिडिओ लावला, पूर्ण आवाजात. त्याला वाटलं, ऐकून तिला आठवेल.

धून तिने पूर्ण वाजू दिली. मग म्हणाली, "पप्पा, त्याच्यात मी नाहीये."

तो हसला. म्हणाला, ही काय, मधात.

"मतलब, उभी मी आहे. पण आवाज माझा नाहीये. बाकी सगळ्यांचा आहे. मी फुंकलंच नव्हतं." रेकॉर्डर मांडीवर ठेवत ती म्हणाली, "मी कधीच नाही फुंकलं. तुम्ही झोपलेले असायचे ना."

तिच्या बोलण्यात राग नव्हता, तक्रारही नव्हती. त्याच्या प्रश्नाचं उत्तर दिल्यासारखं तिने सांगितलं. राग असता तर बरं झालं असतं. त्याने माझ्याकडे बघितलं आणि माझ्या तोंडावरूनच त्याला कळलं की मला ठाऊक होतं.

"मंग मी इतके वर्षं काय आयकत होतो?" तो म्हणाला. कुणाला उद्देशून नव्हे.

लेकीने रेकॉर्डर पिशवीत घातला, नाडी बांधली आणि वह्या उचलून आत गेली. दार नेहमीसारखं, आवाज न होता लागलं.

मला वाटलं तो चिडेल, माझ्यावर तरी चिडेल. चिडला नाही. टीव्ही मात्र त्याने त्या दिवसापासून लावला नाही. दोन-तीन आठवडे असेच गेले. माझी इकडे शाळेत नवी तिसरी सुरू झाली होती. नवी पोरं जीव खाऊन फुंकत होती आणि मी पहिल्यांदाच त्यांना थांबवत नव्हते. "ठुड्डी पर" म्हणायला माझं तोंड उघडायचं आणि मिटायचं. गणिताच्या मॅडम तक्रार घेऊन आल्या. मी म्हटलं, वाजवू द्या हो त्यांना. त्यांनी जाऊन आपलं दार लावून घेतलं.

मग एका रविवारी दुपारी मी कपडे वाळत घालून आले तर तो खुर्चीत फोन घेऊन बसला होता. फोनवर तोच व्हिडिओ होता. आवाज पूर्ण बंद केलेला. डोळ्यांना आता नीट दिसत नाही म्हणून फोन अगदी नाकाशी धरलेला. मी मागे उभी राहिले. तो लेकीची बोटं बघत होता.

त्याने मला शेजारी बसायला सांगितलं आणि विचारलं, की हे जे ती बोटं ठेवते, त्याच्यावरून सूर सांगता येते का. मी म्हटलं, येतात. तीन बोटं खाली असली की प. दोन असली की ध. एकच, पहिलं, असलं की नी. तो व्हिडिओ थांबवत थांबवत पुढे नेऊ लागला आणि मी सांगू लागले. प. प. ध. नी. तो माझ्यामागून पुटपुटत होता. माझ्या वडिलांनी मला असंच शिकवलं होतं, पण ते ओरडून शिकवायचे. लेकीचं एकही बोट कुठे चुकलेलं नव्हतं. आठ वर्षांची पोर, सगळ्या शाळेसमोर उभी राहून, न चुकता सगळं वाजवत होती, आणि ते फक्त तिला ऐकू येत होतं. मला हे इतक्या वर्षांत एकदाही असं दिसलं नव्हतं. मी सांगत राहिले. नी. ध. नी.

मग मधलं एकच बोट खाली राहिलं तिथे त्याने थांबवलं. विचारलं, हे?

मी म्हटलं, हा वरचा सा असेल नाहीतर रे. दोन्ही समोरून सारखेच दिसतात. फरक मागच्या अंगठ्याचा. भोक झाकलं तर सा, अंगठा उचलला तर रे. अंगठा कॅमेऱ्याला दिसत नाही.

"धून तर तूच बसवली नं," तो म्हणाला. "इथं काय पाह्यजे?"

इथे रे हवा, मी म्हटलं. पण तिने अंगठा उचलला होता की नाही, ते आवाजाशिवाय नाही कळणार. ते तिलाच माहीत.

त्याने वळून लेकीच्या खोलीकडे बघितलं. दार लावलेलं होतं. सकाळपासून तिची कोचिंगची परीक्षा होती, ती दमून आली होती. मी उठले. म्हटलं, विचारते तिला, मला वाटतं जागी असेल.

त्याने माझा हात धरून मला खाली बसवलं.

"झोपली असन," तो कुजबुजला. "झोपू दे तिले."